समुद्रकाठची रेस, १,८६० फोटो आणि धड एकही नाही. काय चुकलं?

धूसर
नमस्कार मंडळी.
कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचची इंडीकार (उघड्या चाकांच्या वेगवान गाड्यांची) रेस पाहायला (खरं तर टिपायला) गेलो होतो, १३ एप्रिल २०२५ ला. लिहायला उशीर झाला, कारण अजून फोटो निवडतोय.

मी फोटोग्राफर नाही. घरगुती मैफली, बारशी, मुंजी, कुणाचं तरी अरंगेत्रम, एवढाच माझा प्रांत. रेस आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. सकाळी ए लाइनची मेट्रो पकडून शेवटच्या टप्प्यात उतरलो तेव्हा इमारतींच्या मधून तो आवाज यायला लागला होता. रस्ता रोजचा, सिग्नल रोजचे, पामची झाडं रोजची आणि त्यांच्यामधून कुणीतरी आभाळ फाडत चाललंय असं वाटत होतं. हात थरथरायला लागले ते तिथूनच.

ग्रँडस्टँडचं तिकीट घेतलं नाही, साधं घेतलं. म्हटलं फिरत राहू. मत्स्यालयाजवळच्या कारंज्याला गाड्या वळसा घालतात तिथे तासभर, मग शोरलाइन ड्राइव्हच्या लांब सरळ रस्त्यावर दोन तास. सगळीकडे सिमेंटचे कठडे आणि त्यावर जाळी. ७०-३०० ची लेन्स. शटर वेगवान ठेवलं तर गाडी पार्क केल्यासारखी दिसते. हळू ठेवलं तर सगळंच हलतं. शिवाय जाळी मध्ये येतेच. बऱ्याच फोटोंत मागचे खांब एका बाजूला कललेत, मी बहुतेक तिरका उभा होतो. शेजारी एक गृहस्थ खट्-खट्-खट् करत मजेत काढत होते आणि माझा कॅमेरा आपला गपचूप. त्यांच्याकडे मोठी पांढरी लेन्स होती, माझ्याकडे मोठी आशा.

एकूण १,८६०. ठेवण्यासारखे ११. त्यातल्या आठांत गाडीच नाही.

काय चुकलं? लेन्स बदलू का? फोटोंची लिंक खाली देतोय.

खवट_आजोबा
लिंक उघडत नाही.

सागरगोटा
मलाही "परवानगी नाही" असं येतंय. धूसर, नाव सार्थ केलंत.

तिसरा_डोळा
फोटो न बघता सांगते. निम्म्याहून जास्त लोकांचं हेच चुकतं.

गाडी "पार्क केलेली" वाटते कारण चाकं थिजतात. हिशेब करा. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. शटर १/१००० (म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) असेल तर तेवढ्यात गाडी जाते साडेपाच सेंटिमीटर, आणि चाक फिरतं जेमतेम दहा अंश. आरे स्पष्ट दिसणार, टायरवरची अक्षरं वाचता येणार. फोटोला वेग कळायचा कसा? १/१२५ वर आलात की तेच चाक पाऊण काटकोनाच्या वर फिरतं आणि आऱ्यांची चकती होते. अट एकच. तुम्ही गाडीबरोबर कंबरेतून वळायचं, शटर दाबून झाल्यावरही वळत राहायचं. बहुतेक लोक बटण दाबलं की थबकतात. बॅटला चेंडू लागल्यावर हात तिथेच थांबवला तर कसं दिसेल?

सुरुवातीला १/२५०, जमलं की १/१२५, मग १/६०. १/६० ला शंभरातले नव्वद वाया जाणार हे धरून चालायचं. ११ आलेत ना? वाईट नाहीत.

वऱ्हाडी_ठसका
१,८६० फोटो म्हणजे रेस पाहिली कधी बाप्पा? जिंकलं कोण ते तरी माहीत हाय का?

धूसर
@वऱ्हाडी_ठसका, प्रामाणिकपणे सांगतो, शेवटच्या फेऱ्या चालू होत्या तेव्हा मी कार्डमधले फोटो उडवून जागा करत होतो. काइल कर्कवूड जिंकला हे मेट्रोत शेजारच्या मुलानं सांगितलं.
लिंक दुरुस्त करतोय, थांबा.

पेट्रोलची_टाकी
अरेरे! कर्कवूड पोलवरून (सगळ्यात पुढच्या जागेवरून) सुटला आणि पहिला आला. मागे अ‍ॅलेक्स पालो. त्या वर्षी पालोला मागे ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती, आधीच्या दोन्ही रेस त्यानं खिशात घातल्या होत्या.

धागा फोटोंचा आहे, पण लाँग बीच म्हटलं की मला गप्प बसवत नाही. क्रिस पूक नावाचा एक इंग्रज तिथे ट्रॅव्हल एजन्सी चालवायचा. सत्तरच्या दशकात ते गाव बऱ्यापैकी उतरणीला लागलेलं. त्याच्या डोक्यात आलं की इथे मोनाकोसारखी रस्त्यावरची रेस करू. लोकांनी वेड्यात काढलं असणार. १९७५ मध्ये फॉर्म्युला ५००० प्रकारच्या गाड्यांची रेस झाली, ब्रायन रेडमन जिंकला. पुढच्याच वर्षी फॉर्म्युला वन आली ती १९८३ पर्यंत. १९८४ पासून इंडीच्या गाड्या.

आणि १९८३ ची ती शेवटची फॉर्म्युला वन! जॉन वॉटसन बाविसाव्या क्रमांकावरून सुटून पहिला आला. त्याचाच जोडीदार निकी लाउडा तेविसाव्यावरून दुसरा. इतक्या मागून सुटून फॉर्म्युला वन रेस त्याआधी कुणी जिंकली नव्हती, नंतरही नाही. तेही रस्त्यावरच्या ट्रॅकवर, जिथे पुढे जायला जागा नसते असं सगळे रडतात.

खवट_आजोबा
लिंक अजून उघडत नाही.

मूकवाचक_७
पहिल्यांदाच लिहितोय. तिसरा_डोळा यांच्या हिशेबाला एक पाचर मारतो. भर दुपारी, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर, १/६० ला बरोबर प्रकाश हवा असेल तर ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक) जवळजवळ एफ २० पर्यंत बंद करावं लागतं; आकडा मोठा तेवढं भोक लहान. आणि एफ २० ला जाळी? तिची प्रत्येक तार फोटोत उमटणार. जाळी नाहीशी करायची तर एफ ४ वगैरे उघडं हवं, म्हणजे परत शटर वेगवान, म्हणजे परत पार्क केलेली गाडी. धूसर यांची खरी कोंडी हीच आहे. कंबर वळवून ती सुटणार नाही.

तिसरा_डोळा
@मूकवाचक_७, इतके दिवस मुके का होतात? मुद्दा बरोबर, निष्कर्ष अर्धा.

एक, एनडी फिल्टर. लेन्सला काळा चष्मा. तीन स्टॉपचा (प्रकाश आठपट कमी करणारा) लावलात की एफ २० चं एफ ७ होतं.
दोन, जाळी कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर ३०० ला ती एफ ७ लाही बऱ्यापैकी विरघळते.
तीन, आणि हे लोक विसरतात, तुम्ही कॅमेरा फिरवताय ना? मग जाळीही फिरतेय. १/६० ला तारा रेघा म्हणून उरतच नाहीत, धुक्यासारखा पडदा होतो. फोटो जरा फिका पडतो, तो नंतर कॉन्ट्रास्ट वाढवून सावरता येतो. जाळी छळते ती स्थिर कॅमेऱ्याला.

मूकवाचक_७
तिसरा मुद्दा मान्य. पण जाळीवर थेट ऊन असेल तर तो "पडदा" पांढराफटक होतो आणि मग कॉन्ट्रास्ट वाढवून काही हाती लागत नाही. जाळीची सावलीतली बाजू आपल्याकडे असेल तरच तुमचं गणित चालतं. मी हे स्वतः भोगलंय, फक्त रेस सायकलींची होती.

तिसरा_डोळा
हो, ते आहे. मान्य.

सागरगोटा
कुणीतरी नोंद करा, या धाग्यावर दोन माणसं एकमेकांना "मान्य" म्हणाली.

चकलीबाई
माझे यजमान सहा वर्षं लाँग बीचला नोकरीला होते, त्यामुळे दर एप्रिलला आमच्या घराच्या काचा थडथडायच्या. सावलीवरून आठवलं म्हणून सांगते. आपलं बालपण कोकणात गेलेलं, समुद्र म्हटला की पश्चिम हे डोक्यात पक्कं. तिथे तसं नाही. लाँग बीचचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. शोरलाइन ड्राइव्हवर शहराच्या बाजूला उभं राहून समुद्राकडे कॅमेरा केला तर दुपारभर ऊन तोंडावर. समुद्राच्या बाजूला उभं राहून शहराकडे केला तर ऊन पाठीशी. आमचे हे पहिल्या वर्षी सूर्यास्ताला गाड्यांच्या मागे समुद्र येईल म्हणून वाट पाहत बसले होते. सूर्य बंदराच्या क्रेनमागे गेला आणि रेस तर कधीच संपली होती.

दुसरं, तिथे वसंतात सकाळी बरेचदा समुद्रावरून ढगांचा थर येतो, दुपारपर्यंत विरतो. त्या वेळात सराव चालू असेल तर हळू शटरला काळा चष्मासुद्धा लागत नाही. सगळे मुख्य रेसची वाट बघत जेवत असतात आणि उत्तम उजेड फुकट जातो.

आणि बाळांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना कानाला काहीतरी लावा. हौस म्हणून नका घालवू कान.

धूसर
चकलीबाई! मी नेमका शहराच्या बाजूला होतो. तोंडावर ऊन. आता कळतंय, शेजारचे पांढऱ्या लेन्सवाले गृहस्थ जेवणानंतर तिथून का उठून गेले. मला वाटलं माझ्या डब्यातल्या लसणाच्या चटणीमुळे.

लिंक बदललीय. आता बघा.

खवट_आजोबा
आता लिंक उघडते. आत फोल्डर रिकामं आहे.

वऱ्हाडी_ठसका
😂 मोक्षाचा फोटो हाय तो आजोबा, नीट पाहा.

बंदरवाला
मी २०१९ ला मोनाकोला गेलो होतो, म्हणून दोन शब्द. समुद्रकाठची रेस म्हणजे मोनाको, बाकी सगळ्या तिच्या नकला, असं माझं मत होतं. तिथे गेल्यावर थोडं बदललं. ट्रॅक ३.३३७ किलोमीटर, ७८ फेऱ्या, आणि हॉटेलजवळचा हेअरपिन (जवळजवळ उलट फिरवणारं वळण) इतका हळू की गाड्या जेमतेम ताशी पन्नासने वळतात. त्या आठवड्यात निकी लाउडा वारला होता. रेसच्या आधी सगळे लाल टोप्या घालून उभे राहिले. माझ्या त्या दिवसाच्या फोटोंत तोच एक फोटो मी अजून उघडून बघतो. एकही गाडी नाही त्यात. धूसर, तुमच्या त्या आठ फोटोंना कमी लेखू नका.

बोटी मात्र बघाव्यात तर तिथल्याच. १९५५ ला अल्बर्टो अस्कारी गाडीसकट थेट बंदराच्या पाण्यात गेला होता. पोहत वर आला, नाकाला लागलं इतकंच. आणि चारच दिवसांनी इटलीतल्या मोन्झाला सराव करताना अपघातात मेला.

पेट्रोलची_टाकी
@बंदरवाला, लाउडाचं नाव निघालंच आहे तर, निवृत्ती मोडून परत आल्यावरची त्याची पहिली जीत लाँग बीचचीच, १९८२. परतल्यानंतरची ती तिसरीच रेस.

आणि "नकला" वगैरे जपून बोला. मारिओ अँड्रेटी तिथे फॉर्म्युला वनही जिंकला (१९७७) आणि नंतर इंडी प्रकारच्या गाडीतून तीनदा (१९८४, ८५, ८७). मुलगा मायकेलची इंडी गाड्यांतली पहिली जीत तिथलीच (१९८६) आणि शेवटचीही तिथलीच (२००२). अल अन्सर ज्युनिअर सहा वेळा. मोनाकोला फॉर्म्युला वनचा आयर्टन सेन्ना सहा वेळा, लाँग बीचला हा सहा वेळा. बरोबरी.

बंदरवाला
सेन्नाची आणि अन्सरची बरोबरी? मी धागा सोडतोय.

पेट्रोलची_टाकी
आकड्यांची म्हणालो, देवत्वाची नाही. या परत.

खवट_आजोबा
रस्त्यावर रेस लावायची, गावाला आठवडाभर वेठीला धरायचं, आणि वर त्याचे फोटो नीट आले नाहीत म्हणून रडायचं. जाळी आणि कठडे का असतात ते विसरू नका. १९८० ला तिथेच सरळ रस्त्याच्या टोकाला क्ले रेगाझोनीच्या गाडीचे ब्रेक गेले. आधीच बंद पडून उभ्या असलेल्या गाडीला धडकून तो पुढे कठड्यावर गेला. जन्मभर चाकाच्या खुर्चीत. चार वर्षं आधी तिथली पहिली फॉर्म्युला वन त्यानंच जिंकली होती. जाळी फोटोत येते म्हणून कुरकुर करण्याआधी हे आठवा.

सागरगोटा
आजोबा, तुम्हाला एवढं माहीत आहे म्हणजे तुम्ही छुपे चाहते आहात.

खवट_आजोबा
मी १९८२ ला तिथे होतो. विद्यार्थी होतो. तिकीट काढलं नव्हतं. पुढचं विचारू नका.

वऱ्हाडी_ठसका
आता तर विचारनारच!! धागा गेला तेल लावत, आजोबा सांगा.

खवट_आजोबा
सांगण्यासारखं काही नाही. तेव्हा ट्रॅक वरच्या ओशन बुलेव्हार्डवरून जायचा. एका मित्राच्या मित्राच्या खोलीची खिडकी होती. खिडकीत नऊ जण. माझ्याकडे उसना कॅमेरा आणि ३६ फोटोंचा एक रोल. ३५ काढले. एक ठेवला, शेवटी काहीतरी होईल म्हणून. रोल धुतला तेव्हा ३४ फोटोंत पुढच्या मुलाचं डोकं आणि एकात अर्धी लाल फेरारी. तिला मागे दोन पंख होते, एकाशेजारी एक. जिल व्हिलनव्ह या ड्रायव्हरची ती. तिसरी आली होती ती, आणि त्या पंखांपायी बाद ठरवली नंतर. म्हणजे मी काढलेला एकमेव फोटो निकालात नसलेल्या गाडीचा. छत्तिसावा अजून काढायचा आहे.

१,८६० चं कौतुक मला सांगू नका.

चकलीबाई
आजोबा, तो अर्धी फेरारीवाला फोटो टाका ना इथे.

खवट_आजोबा
माझी लिंकही उघडणार नाही.

धूसर
दंडवत आजोबा.
मुलीनं बसून सेटिंग बदलून दिलं. आता सगळ्यांना दिसायला हवेत. ४० फोटो ठेवलेत, चांगले-वाईट मिसळून.

सागरगोटा
दिसले!!! घंटा वाजवा.
कानावर गुलाबी मफ लावून बापाच्या खांद्यावर झोपलेली ती चिमुरडी! एवढ्या कल्लोळात झोप! हा फोटो मोठा करून भिंतीवर लावा.

मूकवाचक_७
बघितले. समोरून येणाऱ्या गाडीचे फोटो आणि शोरलाइनवरचे लांबचे फोटो मऊ (पुसट) आहेत, पण फोकस चुकलेला वाटत नाही. गाडीच्या कडा पाण्यातून बघितल्यासारख्या लहरतायत. तापलेल्या डांबरावरची हवा आहे ती. दुपारी ३०० मिमीनं दोनशे मीटर लांबची गाडी टिपायला गेलं की जगातली कुठलीही लेन्स हरते. त्यामुळे लेन्स बदलू नका. जवळ जा. पैसे वाचले.

तिसरा_डोळा
धूसर, एक प्रश्न. क्रमांक ७, १२, १३, १९ आणि २६ पुन्हा बघा. ७ मध्ये गाडी कललीय, चाकं गोल नाहीत, अंड्यासारखी आहेत. १२ आणि १३ मध्ये तुम्ही गाडीबरोबर वळलात (छान वळलात!) तर गाडी ठीक आणि मागचे खांब तिरके. पण क्षितिज आडवं आहे. म्हणजे तुम्ही तिरके उभे नव्हता.

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, शेजाऱ्याचा कॅमेरा खट्-खट् करत होता आणि तुमचा गपचूप.

तुम्ही सायलेंट शटर लावलं होतं का?

धूसर
…
थांबा, बघून येतो.

धूसर
हो.

आदल्या महिन्यात एका मैफलीत गायिकेनं आलापीला सुरुवात केली आणि माझ्या खटखटाटाकडे अशी नजर टाकली की मी तिथल्या तिथे आवाज बंद केला. तो तसाच राहिला. कॅमेऱ्यावर कोपऱ्यात बारीक खूण आहे त्याची. महिनाभर दिसली नाही.

वऱ्हाडी_ठसका
कानाचे पडदे फाटनाऱ्या रेसमध्ये यानं कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला!!! ड्रायव्हरची तंद्री भंगू नये म्हणून!!! 😂😂😂

सागरगोटा
कर्कवूडनं वळून बघितलं असतं ना.

तिसरा_डोळा
हसून झालं असेल तर कारण सांगते, इतरांच्या उपयोगी पडेल. सायलेंटमध्ये पडदा हलत नाही. सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, आणि साध्या कॅमेऱ्यांत वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत जायला सेकंदाचा तिसावा, कधी पंधरावा भाग लागतो. तुम्ही शटर १/२००० ठेवा नाहीतर १/४०००, प्रत्येक ओळ थिजते, पण पहिली ओळ आणि शेवटची ओळ वेगवेगळ्या क्षणांच्या. तेवढ्यात गाडी निदान मीटरभर तरी पुढे गेलेली असते. म्हणून ती कलते. गवय्या जागचा हलत नाही, म्हणून मैफलीत हे कधी कळलं नाही. यांत्रिक पडदा हेच काम कितीतरी पट लवकर उरकतो. महागड्या कॅमेऱ्यांत सेन्सर भरभर वाचला जातो, तिथे एवढा त्रास नाही.

बाकी "पार्क केलेली गाडी" हा रोग वेगळाच आहे. तुमचे बहुतेक वेगवान फोटो सरळ रस्त्यावरचे, समोरून. समोरून चाकाचे आरे दिसतच नाहीत, मग शटर काहीही ठेवा. हेअरपिनला का गेला नाहीत? शोरलाइनवर येण्याआधीचं शेवटचं वळण. गाड्या तिथे सगळ्यात हळू असतात आणि तरी १/१००० लाही जिवंत दिसतात. पुढची चाकं पार वळलेली, हेल्मेट आतल्या बाजूला झुकलेलं, मागच्या गाडीचं नाक पुढच्याच्या शेपटाला. आणि बाजूनं हळू शटरचं पॅनिंग (गाडीबरोबर वळत फोटो काढणं) करायचं तर वळणाच्या आतली बाजू शोधा. तिथून गाडी बराच वेळ सारख्याच अंतरावर राहते, नाकापासून शेपटापर्यंत धड येते.

चकलीबाई
हेअरपिनला जायचं तर सकाळी लवकर. आमचे हे घडीची खुर्ची घेऊन जायचे आणि तरी दुसऱ्या रांगेत.

पेट्रोलची_टाकी
आणि या खेपेला शेवटच्या दहा फेऱ्या कॅमेरा खाली ठेवून बघा हो. कार्डं दोन न्या.

बंदरवाला
परत आलो. क्रमांक ३१, जाळीच्या भोकातून पलीकडे उभी क्वीन मेरी (ते जुनं जहाज) आणि समोरून गेलेल्या गाडीचा फक्त निळा ओरखडा. हा मुद्दाम काढलात?

धूसर
@बंदरवाला, नाही. बॅटरी बदलताना चुकून बटण दाबलं गेलं. त्या अकरांतला एक तो.

सगळ्यांचे आभार. कॅमेऱ्याचा आवाज चालू केलाय. आत्ता घरात खटखट करून पाहिलं, बायको दचकली. पुढच्या एप्रिलचं तिकीट बघतोय. आजोबा, येताय का? छत्तिसावा फोटो राहिलाय तुमचा.

खवट_आजोबा
तिकीट कोण काढणार?